ज्याचं त्याचं ‘मी’

“मले आज यायले जमत नाही. पोराले ताप आहे.”

असं म्हणत समोरच्या काकू आमच्या दारात उभ्या राहायच्या. एक हात चौकटीला, दुसरा पदराच्या टोकाशी, आणि चेहरा असा की घरात खरंच तापानं फणफणलेलं पोर निजवून आल्या असाव्यात. वास्तविक त्यांचा एकुलता एक मुलगा चाळिशीला आलेला आणि कॅनडात. ताप आलेलं पोर आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बेबीबाईचं होतं. बेबीबाईनं गेटवर काकूंना गाठून निरोप दिला होता आणि काकूंनी तो जसाच्या तसा वर आणला होता. तुम्ही-मी निरोप सांगताना आधी तो कोणाचा ते सांगतो. काकू आधी निरोप सांगायच्या, मग दम घ्यायच्या, आणि ऐकणारा पुरता गोंधळला की शेवटी जोडायच्या, “म्हणे बेबी.”

त्यात आमच्या इकडच्या बोलीत बायकाही ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणतात. त्यामुळे काकूंच्या वाक्यातला ‘मी’ बाई आहे की बाप्या, एवढाही धागा हाती लागत नसे.

“मी आता जास्त दिवस काढत नाही,” हे वाक्य मी एकदा जिन्यात त्यांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा भाजीची पिशवी खाली ठेवून मी त्यांना पायरीवर बसवायला निघालो होतो.

“मले काय धाड भरली?” त्या म्हणाल्या. “पाण्याची मोटर. आवाज नाही का ऐकला तुम्ही? तेच म्हणून राहिली ते.”

कोराडी रोडवरच्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये त्या आमच्या समोरच्या दारात राहत. माहेर सावनेरच्या बाजूच्या एका खेड्यातलं, कापूस-संत्र्याचं घर. काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. उभी नोकरी शिफ्टमध्ये आणि यंत्रांच्या आवाजात गेल्यामुळे काकांना कमी ऐकू येई आणि बोलत त्याहून कमी. त्यांचं एकच वाक्य आमच्या घरात स्पष्ट यायचं. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, “कुठं आहा हो?” आणि गॅलरीतून उत्तर यायचं, “मी इथंच आहो.” दिवसातून कितीदा, ते मी मोजलं नाही, पण आमच्याकडे नवा आलेला पाहुणा संध्याकाळपर्यंत त्या आवाजाला सरावलेला असे.

माझी नोकरी हिशेब तपासण्याची. कोणतीही नोंद कोणी केली, कोणाच्या सांगण्यावरून केली, हे समजल्याशिवाय मी पुढच्या ओळीवर जात नाही. अशा माणसाला काकूंसारखी शेजारीण मिळावी, हा योगच म्हणायचा. “कोण म्हणालं, ते आधी सांगा काकू,” हे माझं त्यांच्याशी रोजचं बोलणं होतं. त्यावर त्यांचंही ठरलेलं होतं, “सांगून राहिली ना. आधी काय म्हणे ते तं ऐका.”

एका रविवारी त्या तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन आल्या, आमच्या हॉलमध्ये खाली बसल्या आणि सोलायला लागल्या. माझ्या बायकोनं, सुनंदानं, दुसऱ्या बाजूनं शेंगा ओढल्या.

“भाऊ, मले इंग्रजी शिकवा.”

“काकू, माझं इंग्रजी ऑफिसचं.”

“असू द्या ऑफिसचं. मले काय कविता करायच्या आहेत?”

कारण त्यांनी सरळ सांगितलं. दर रविवारी सकाळी त्यांच्या मुलाचा, प्रशांतचा, व्हिडिओ कॉल येई. त्याची बायको एमिली तिकडचीच, आणि मुलगी तारा तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. दोघींना मराठी येत नाही, काकूंना इंग्रजी येत नाही, म्हणून मध्ये प्रशांत.

“पोरगी एवढं मोठं बोलते,” काकूंनी दोन्ही हात पसरून दाखवलं, “हात हालवते, डोळे मोठे करते. मंग मी प्रशांतले विचारतो, काय म्हणे गा? तर तो म्हणते, शाळा चांगली चालली म्हणते. एवढ्या बोलण्यातून एवढंसंच निघते? बाकीचं कुठं जाते? तो मधात खाऊन राहिला सारं.”

असं आमचं सुरू झालं. एमिलीला त्या ‘इमली’ म्हणत आणि वर न चुकता सांगत, “नाव आंबट आहे, पोरगी गोड आहे.” माझ्या शिकवण्याचा पहिला परिणाम असा झाला की पार्सल पाठवलं त्या रविवारी काकूंनी स्क्रीनसमोर ताठ बसून नातीला सांगितलं, “दिस इज टू इन्फॉर्म यू दॅट चिवडा इज डिस्पॅच्ड.” तारा म्हणे आठवडाभर शाळेत तसंच बोलत होती.

खरी अडचण सर्वनामांशी आली. मी सांगितलं, तो म्हणजे ‘ही’ आणि ती म्हणजे ‘शी’. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“म्हंजे आमच्या ह्यांले मी ‘ही’ म्हणू?”

“हो.”

“आन् सुनेले ‘शी’?”

सुनंदा टोपल्यात तोंड घालून हसत होती. मी म्हटलं, भाषा वेगळी आहे, आवाजावर जाऊ नका. काकूंनी सुनेपुरतं ऐकलं, ‘शी’ म्हणताना चेहरा हसरा ठेवायचा असं स्वतःच ठरवलं. पण नवऱ्याला ‘ही’ म्हणायला त्या तयार होईनात. त्यांनी उभ्या जन्मात काकांचं नाव घेतलेलं नव्हतं. ‘हे’ आणि ‘ते’, दोनच शब्दांवर संसार झालेला. त्यांनी विचारलं, “‘ते’ले काय म्हणतात?”

“‘ते’ म्हणजे ‘दे’. पण काकू, ‘दे’ म्हणजे पुष्कळ जण.”

“मंग बरोबर आहे.”

“एकट्या माणसाला नाही चालत.”

“काहून नाही चालत? आपण मानाच्या माणसाले एकट्याले ‘आले’ म्हणतो का ‘आला’ म्हणतो? आपल्यात चालते, मंग त्यायच्यात माणसाले मान देत नाहीत का?”

तेव्हापासून काका इंग्रजीत ‘दे’ झाले. दे आर स्लीपिंग. दे आर टेकिंग बाथ. दे डोंट लाइक कारलं. एमिलीनं बरेच रविवार हे ऐकलं आणि मग काळजीच्या सुरात नवऱ्याला विचारलं, की आई-बाबांनी घरात भाडेकरू ठेवलेत का, आणि ते सगळे एकाच वेळी आंघोळ कशी करतात? प्रशांतनं हसत हसत उलगडा केला. पण ताराला उलगड्याची गरज पडली नव्हती. तिनं केव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं की ‘दे’ हे आजोबांचं नाव आहे. कॉल लागला की ती आधी विचारायची, “व्हेअर आर दे?” आणि काका गॅलरीतून उठून, सदऱ्याची बटणं लावत, खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. पण बसायचे.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. चूक म्हणतो ती माझ्या सवयीनं.

प्रशांतनं एकदा आईला एकटीलाच फोन करून सांगितलं की मी डिसेंबरात येतो. काकू हरखल्या. तो कामासाठी बाहेरगावी होता त्या रविवारी एमिली एकटीच फोनवर होती, तेव्हा काकूंनी ही बातमी स्वतःच्या इंग्रजीत दिली, “प्रशांत सेड आय विल कम इन डिसेंबर.” मराठी माणसाला यात काही खुपत नाही. प्रशांत म्हणाला, मी येतो. येणारा प्रशांत. पण इंग्रजीत त्याच वाक्यात येणारी व्यक्ती बदलते. एमिलीनं ऐकलं ते असं की प्रशांत म्हणाला आहे, सासूबाई डिसेंबरात येणार. तिनं मागची खोली रिकामी केली, जाड रजया आणल्या. तारानं रंगीत कागदावर मोठ्या अक्षरांत आजीचं स्वागत लिहून दारावर चिकटवलं. हे सगळं व्हिडिओवर पाहून काकू म्हणाल्या, “प्रशांतची खोली छान लावली,” आणि मग हळूहळू सगळ्यांच्याच ध्यानात आलं. तारा रडायला लागली. प्रशांतलाही त्या डिसेंबरात सुटी मिळाली नाही. म्हणजे कोणीच कुठे आलं-गेलं नाही, एक खोली तेवढी तयार राहिली.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना समजावायला बसलो.

“‘आय’ म्हटलं की तुम्ही. म्हणून तिथं ‘आय’ काढायचं आणि ‘ही’ घालायचं. प्रशांत सेड ही वुड कम.”

“पण प्रशांत ‘तो येतो’ असं नाही म्हणाला. ‘मी येतो’ म्हणाला.”

“हो, पण सांगताना बदलायचं.”

“मी कोण बदलणार? ज्याचं त्याचं ‘मी’ असते, भाऊ. त्यानं माह्याजवळ ठेवाले देल्लं. मी ते तसंच नेऊन द्याव का मधात आपल्या हातानं सोलून द्याव?”

मी नियम पुन्हा सांगितला. त्यांनी पुन्हा ऐकून घेतला. त्या नाही म्हणत नसत, फक्त करत नसत.

काका गेले ते मार्च महिन्यात. छातीत कफ भरला म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं आणि बरं वाटायलाही लागलं होतं. काकू रात्रभर बाजूला बसलेल्या. सकाळी काकांनीच त्यांना घरी पाठवलं. आंघोळ कर, दोन घास खा, येताना माझा चष्मा आण. काकू निघेनात तेव्हा ते म्हणाले, “मी इथंच आहो. तू जाऊन ये.” मी आणि सुनंदानं काकूंना गाडीतून घरी आणलं. परत दवाखान्यात जाताना मानकापूरच्या सिग्नलला माझा फोन वाजला, आणि पलीकडचं ऐकून मी गाडी कडेला घेतली. चष्म्याचं घर काकूंच्या मांडीवर होतं.

पुढचे दिवस माणसं येत होती. प्रत्येक जण विचारी, शेवटचं काही बोलले का? काकू सांगायच्या, “मी इथंच आहो, तू जाऊन ये.” पुढे ‘म्हणे’ नाही, ‘म्हणाले’ नाही. तेवढंच. माहेरची एक चुलतबहीण ते ऐकून दचकली आणि तिनं काकूंचा हात धरला, “कुठं जाऊ वं माय?”

प्रशांत आला, सगळं केलं, जाताना आईला म्हणाला की आता तू तिकडेच चल. कायमची. इथे कोण आहे तुझं? फ्लॅट देऊन टाकू. मुलगा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहिलं पाहिजे. दूर असलेल्या मुलाला जी भीती असते तीच त्याला होती, की पुढच्या वेळी फोन येईल आणि आपण विमानात असू. काकू हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. तो गेल्यावर दर रविवारी तोच विषय. “आई, तिथे आता कोण आहे?” आणि काकू विषय बदलून ताराला दुधाचा दात पडला का ते विचारायच्या.

नातीला भेटायची त्यांना तहान होती. तिच्या उंचीचा अंदाज त्या आमच्या दाराच्या चौकटीवर बोट ठेवून करत. “इथवर आली असंल?” मी फोटोवरून हिशेब करून सांगायचो, जरा वर घ्या. त्या बोट वर सरकवायच्या आणि थोडा वेळ तिथंच ठेवायच्या. पण गेलं की हे घर मिटणार, आणि हे घर मिटलं की ‘इथंच’ कुठलं राहणार, हे त्यांच्या मनात होतं. जायचं तर होतं. परत यायचंही होतं. दोन्ही त्यांना काकांनीच सांगितलं होतं.

एका संध्याकाळी त्या आल्या. हातात ना शेंगा, ना निरोप.

“एक वाक्य शिकवा, भाऊ. ह्यायचं. इमलीले सांगाचं आहे. आमच्या दोघींच्या मधात प्रशांत नको, म्हणून इंग्रजीत सांगाचं आहे.”

मी नेहमीसारखा नीट बसलो. आधी कोण म्हणालं ते. ‘ही सेड.’ बरं, ‘दे सेड’ म्हणा. आता ‘मी’चं ‘तो’ करायचं. ‘आहो’ हे वर्तमानकाळातलं आहे, ‘म्हणाले’च्या मागून आलं की तेही भूतकाळात जातं, म्हणजे ‘होता’. आणि ‘इथं’ आपण दुसरीकडून सांगतोय, म्हणून ‘तिथं’. ही सेड ही वॉज देअर. नियमाप्रमाणे वाक्य बरोबर होतं.

काकूंनी बोटं पुढे केली आणि एकेक मिटत गेल्या.

“‘मी’चं ‘तो’ झालं. ‘आहो’चं ‘होता’ झालं. ‘इथं’चं ‘तिथं’ झालं.” त्यांनी मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. “मंग माणूस राहिला कुठं याच्यात?”

सुनंदा उठून आत गेली.

मी म्हटलं, “काकू, इंग्रजीचा नियम आहे.”

“असंल. तुम्ही शिकवलं ते बरोबरच असंल. पण हे असं नाही म्हणाले.”

हिशेब तपासणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. मूळ नोंद खोडायची नाही. ती पटो न पटो, चुकीची वाटो, तिच्या अंगाला हात लावायचा नाही. काय म्हणायचं ते खाली, वेगळ्या ओळीत, स्वतःच्या सहीनं म्हणायचं. इतकी वर्षं मी हे दुसऱ्यांच्या कागदांवर पाळत आलो. त्या संध्याकाळी मी काकूंना म्हटलं, “तुम्ही म्हणता तसंच सांगा. जसं आहे तसं.”

रविवारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि स्क्रीनवर दिसणार नाही असं दिवाणावर बसवलं. खुर्ची ओढून स्वतः समोर बसल्या. पलीकडे तिघं होते. प्रशांतनं सुरुवात केली, “आई, मग काय ठरवलंस?”

काकू म्हणाल्या, “तू थांब गा जरा.” आणि मग सुनेकडे पाहून, एकेक शब्द वेगळा ठेवत, “इमली. दे सेड, आय ॲम हिअर. यू गो अँड कम.”

प्रशांत बायकोला हळू आवाजात समजावून सांगू लागला, की बाबा म्हणाले होते की ते तिथे होते आणि आईनं... त्याचं इंग्रजी उत्तम आहे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. वाक्य नियमाला धरून चाललं होतं. तेवढ्यात तारा मध्ये आली.

“नो, डॅड. दे सेड, आय ॲम हिअर.”

प्रशांत थांबला. मला तो नीट दिसत नव्हता, पण त्यानं चष्मा काढल्याचं दिसलं.

एमिली स्क्रीनजवळ सरकली. मग तिनं विचारलं, आणि हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, “आई, व्हेन डू दे वाँट यू बॅक?”

म्हणजे, ते तुम्हाला परत कधी बोलावताहेत. आमच्या काकांना तिनं पहिल्यांदाच त्या मानाच्या शब्दानं म्हटलं होतं, आणि ‘होते’ न म्हणता म्हटलं होतं. मध्ये कोणी दुभाष्या नव्हता. काकूंनी पदर तोंडाला लावला, मग काढला, आणि ठाम आवाजात उत्तर दिलं, “आफ्टर दिवाळी.”

फ्लॅट विकायचं बोलणं त्या दिवशी संपलं. तिकीट जायचं-यायचं दोन्ही निघालं, एमिलीनंच काढलं.

निघायच्या दिवशी काकूंनी आमच्याकडे किल्ली दिली. बांधाबांध, लोणच्याच्या बरण्यांना प्लास्टिकचे थर, सगळं झालं. सुनंदाला म्हणाल्या, “आठ-पंध्रा दिवसांनी खिडक्या उघडत जाजो वं. बंद घर कोंदट्टे.” मग रिकाम्या हॉलमध्ये एकदा उभ्या राहिल्या. गॅलरीकडे पाहून काही विचारतील असं वाटलं. विचारलं नाही. गाडीत बसताना मला म्हणाल्या, “येतो मी,” आणि या वेळी मला विचारावं लागलं नाही की कोण.

पोचल्यावर पहिला फोटो आला तो दाराच्या चौकटीचा. तारा चौकटीला टेकून उभी आणि काकूंचं बोट तिच्या डोक्यावर. माझा अंदाज कमी पडला होता.

तुमच्याही शेजारून असं एखादं माणूस गेलं असेल, तर मी काय सांगतो ते तुम्हाला कळेल. निरोप थांबत नाहीत. आमच्या स्कीमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मोटर बिघडली, पाणी येणार नाही, बेबीबाई सुटीवर, सगळं तिथे येतं. प्रत्येक निरोपावर आधी सांगणाऱ्याचं नाव असतं. माझ्यासारख्याला हेच तर हवं होतं. कुठेच गोंधळ नाही. आणि तरी कधी जिना चढताना मी समोरच्या दारापाशी रेंगाळतो. कोणीतरी दुसऱ्याच्या तोंडचं बोलणं आपल्या तोंडात घेऊन, दुसऱ्याचा ताप आपल्या चेहऱ्यावर घेऊन उभं असावं, आणि आपण घाबरून विचारावं, काय झालं? आता मोटर बिघडली की ती फक्त बिघडलेली असते.

दिवाळी झाली. काकूंना तिकडची थंडी बाधली, श्वास लागायला लागला. तिकिटाची तारीख पुढे गेली. संक्रांतीनंतर, मग होळीनंतर. तिकडचे डॉक्टर विमानप्रवासाला परवानगी देईनात. फोनवर त्या अर्धं वाक्य बोलून दम घ्यायच्या, आणि उरलेलं अर्धं, एव्हाना आजीची बोली उचललेली तारा सांगायची. “हवा बदलली की निघाचं, म्हणे डॉक्टर,” असं एकदा त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघं घरात तेवढ्यावर चार दिवस खूश होतो. सुनंदा खिडक्या उघडत राहिली.

गेल्या महिन्यात, रविवारी सकाळी, एमिलीचा फोन आला. प्रशांतचा नाही, तिचा. ती सावकाश बोलली, मला समजावं म्हणून. आदल्या रात्री आई गेल्या. त्रास झाला नाही. दुपारी शुद्धीवर होत्या, ताराचा हात धरून बोलल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या? एमिली म्हणाली, “शी सेड शी वॉज कमिंग होम.”

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य हातात घेऊन बसलो. नियमाप्रमाणे बरोबर होतं. ‘शी’ आणि ‘वॉज’. त्यांच्या तोंडून ते कसं निघालं असेल, ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. ‘शी’च्या जागी ‘मी’ ठेवलं. ‘वॉज’ काढलं.

सुनंदा ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली. एमिलीचा आवाज तिनं ओळखला होता.

“काय म्हणतात काकू?”

मी म्हटलं, “मी घरी येऊन राहिली.”

“खरंच? कधी?” ती म्हणाली. उत्तराची वाट न पाहता तिनं हात पदराला पुसले, खिळ्यावरची किल्ली काढली. “आज झाडूनच घेते. बेबीला फरशी पुसायला सांगते. गाद्यांना ऊन दाखवायला पाहिजे.”

तिला हाक मारायला हवी होती. समोरच्या कुलपाचा आवाज आला, मग हॉलच्या खिडकीचा, मग आतल्या खोलीतल्या घट्ट बसणाऱ्या खिडकीचा, जी दोनदा ढकलावी लागते. मी खुर्चीवर बसून होतो. गॅलरीचं दार उघडल्याचं ऐकू येईपर्यंत मी तिला काही सांगितलं नाही.